पेढीवरचा कॉम्प्युटर आणि चोरीची वही



रमजानला दहा-बारा दिवस होते. आपल्याच श्रीरामपूरमधून एका भगिनीचा फोन आला. बी.कॉम. झालेली मुलगी, वडिलांच्या आडतीच्या दुकानाचा सगळा हिशेब तीच बघते. "सर, अब्बांच्या गाळ्यातला कॉम्प्युटर रोज एकच पाटी दाखवतो, की आता सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत. दुरुस्तीवाला म्हणतो, भंगारात घाला, नवा घ्या. अब्बा म्हणतात, चालतोय तोवर चालू दे. लिनक्स टाकले तर चालेल का? आणि टाकायचे तर कोणते? नावेच पन्नास आहेत."

असरनंतर मार्केट यार्डात गेलो. वडील हाजीसाहेब, सोयाबीन, हरभरा, गहू आणि बारदानाचा व्यवहार. टेबलावर 2015 साली घेतलेला कॉम्प्युटर, चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, वर धुळीचा थर. आत विंडोज 10 आणि टॅली. दोन्हीची पावती विचारली तेव्हा हाजीसाहेब हसले. "पावती कसली? बसवणाऱ्याने पेन ड्राइव्हवरून टाकून दिले. सगळ्या गाळ्यांत असेच आहे."

लेक खाली मान घालून बसली होती. नंतर मला बाहेर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "सर, मला खटकते ते हेच. जकातीचा हिशेब आपण चोरीच्या वहीवर करतो."

हा लेख तिच्या त्या वाक्यासाठी आहे. कॉम्प्युटरची माहिती ओघाने येईल.

आधी त्या पाटीचे बघू. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट बंद केले. घरगुती वापरणाऱ्यांना आणखी एक वर्ष, म्हणजे 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, सुरक्षेचे तेवढे अपडेट नोंदणी करून घेता येतात, पण ते मूळ परवाना असलेल्यांसाठी. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. हाजीसाहेबांचा आय-थ्री त्यात बसत नाही. यंत्र धडधाकट आहे, पण त्याच्यासाठी दार बंद झाले. असे कॉम्प्युटर आपल्या मेन रोडवर, मार्केट यार्डात, बेलापुरात, राहुरीत किती असतील ते तुम्हीच मोजा.

"आजवर काय झाले?" हा हाजीसाहेबांचा प्रश्न. त्यांना मी न्हावा-शेव्याची गोष्ट सांगितली, कारण त्यांचा माल नसला तरी आपल्या भागाचा कांदा त्या बंदरातून जातो. 27 जून 2017 रोजी तिथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल बंद पडले. कंटेनर जागेवर थांबले. कारण होते 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस. टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहातले, आणि त्यांचे कॉम्प्युटर जगभर एकाच वेळी आडवे झाले होते. आता हा व्हायरस शिरला कुठून ते ऐका. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी व्यापारी जे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या अपडेटमधून. म्हणजे त्यांच्या टॅलीतून म्हणा ना! मर्स्कला पुढे 45,000 कॉम्प्युटर नव्याने भरावे लागले. त्यांच्या जाळ्यातल्या परवानग्यांची मुख्य नोंद ज्या यंत्रांवर होती, तीही सगळी पुसली गेली होती. एकच प्रत वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशाच्या कार्यालयात. का वाचली? त्या वेळी तिथे लाईट गेली होती आणि ते यंत्र बंद होते! लोडशेडिंगचा असा फायदा मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

हाजीसाहेब त्यावर मनापासून हसले, आणि मग गंभीर झाले. त्यांच्या वहीत तीनशेच्या आसपास शेतकऱ्यांची नावे आहेत. कोणाची पट्टी द्यायची, कोणाची उचल, कोणाची उधारी. हे त्यांचे एकट्याचे नाही, लोकांची अमानत आहे. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक.

चोरीच्या प्रतीबद्दल. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. एवढे सांगतो की जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1988 साली कुवेतच्या बैठकीत ठराव करून लेखन, शोध, व्यापारी नाव यांवरचे हक्क शरियतने मान्य केलेले आणि मोडता न येणारे आहेत असे ठरवले. आपल्या उपखंडातल्या काही जुन्या उलमांचे मत वेगळे होते. तुमच्या इमामसाहेबांना विचारा. पण एक गोष्ट मसल्याबाहेरची आहे: ज्याने कुलूप तोडून सॉफ्टवेअर दिले, त्याने आत आणखी काय ठेवले ते तुम्हाला कळत नाही. तोडलेल्या प्रतीत अपडेट बहुधा बंदच केलेले असतात. म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाकडे.

आता लिनक्स. लोक युनिक्स, लिनक्स, उबंटू, मॅक ही नावे एकाच दमात घेतात आणि गोंधळतात. शजरा मांडला की सोपे होते. आजोबा युनिक्स, 1969 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केले. त्यांच्या रक्ताची एक शाखा कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात वाढली, तिला बीएसडी म्हणतात. आजचे फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी तिचे वारस. ॲपलच्या मॅकमध्येही तेच रक्त आहे आणि त्याला 2007 पासून 'युनिक्स' म्हणवून घेण्याचे अधिकृत प्रमाणपत्र आहे. लिनक्सची गोष्ट वेगळी. 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा कोरा लिहिला. रीत तीच, रक्त वेगळे. त्याच्याभोवती रिचर्ड स्टॉलमन यांच्या 'ग्नू' प्रकल्पाची अवजारे जमली, आणि ते सगळे एकत्र बांधून जे देतात त्यांची नावे डेबियन, उबंटू, मिंट. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. ज्या हाजीसाहेबांना लिनक्सची भीती वाटत होती, ते दिवसभर त्यावरच यूपीआयचे पैसे घेत होते.

आणि महत्त्वाचे, यांची प्रत काढून शेजाऱ्याला देणे ही चोरी नाही. तो हक्क परवान्यातच लिहिलेला आहे. (मॅक सोडून. ते ॲपलच्या यंत्राबरोबरच येते.)

मोठ्या बाजाराचे उदाहरण हवे असेल तर लंडनचा शेअर बाजार घ्या. त्यांची विंडोजवर उभारलेली यंत्रणा सप्टेंबर 2008 मध्ये एके दिवशी जवळजवळ सात तास ठप्प झाली. मग त्यांनी श्रीलंकेची एक सॉफ्टवेअर कंपनीच विकत घेतली आणि 2011 मध्ये तिच्या युनिक्स-लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रणेवर गेले. पण लंडनच्या उदाहरणाने आपल्या गाळ्याचा प्रश्न सुटत नाही. तिथे पगारी इंजिनिअर चोवीस तास बसलेले असतात. आपल्याकडे कॉम्प्युटर अडला तर कॉलेजमधला भाचा येतो, तोही परीक्षा नसेल तर. म्हणून व्यापाऱ्याने "सर्वांत चांगले कोणते" हे विचारू नये. माझे काम कशावर अडते, आणि अडले तर गावात कोण सोडवेल, हे विचारावे.

हाजीसाहेबांच्या लेकीला मी एक वही दिली आणि सांगितले, आठवडाभर कॉम्प्युटरवर जे जे कराल ते लिहा. तिने लिहिले: टॅली, जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल, बँक, व्हॉट्सअ‍ॅप, एक्सेलमध्ये रोजची आवक, हमाल-तोलाईची यादी, मराठीत पत्रे, उर्दूत भावाच्या लग्नाची पत्रिका, वजनकाट्याची चिठ्ठी, पट्टी छापणे. एवढ्यावर निर्णय करता येतो.

यातली निम्मी कामे ब्राउझरमध्ये होतात. जीएसटी, ई-वे बिल, बँक यांना खाली कोणती प्रणाली आहे याने फारसा फरक पडत नाही. एकट्या मालकीच्या धंद्याला जीएसटी विवरण मोबाईलवरच्या ओटीपीने भरता येते. कंपनी असेल तर डिजिटल सहीचे टोकन लागते. काही टोकनना लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो, काहींना नाही, तेव्हा विकत घेण्याआधी विचारावे. एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस चालते. साध्या तक्त्यांना अडचण नाही, पण कोणी मॅक्रो लिहून दिलेली फाइल असेल तर ती बिघडू शकते.

मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो. जुनी पत्रे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असतील तर अक्षरांचा कचरा दिसेल, कारण ती युनिकोड नाहीत. पण तो दोष लिनक्सचा नाही, मोबाईलवरही ती तशीच दिसतात. उर्दूचे दुखणे निराळे. आपल्याकडे पत्रिका, मदरशाचे पेपर, जलशाची पत्रके इनपेजवर होतात आणि इनपेज लिनक्ससाठी बनलेले नाही. लिनक्सवर नोटो नस्तालीक उर्दू हा फुकट फॉन्ट घेऊन लिब्रेऑफिसमध्ये घरगुती काम छान होते. छापखान्याला मात्र इनपेजचीच फाइल हवी असते. पत्रिकेचे काम छापखान्यावर सोडा.

राहिली टॅली. इथे मी स्पष्ट बोलतो, कारण लिनक्सचे उत्साही लोक इथे हातचे राखून बोलतात. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेले आहे. वाइन नावाच्या सोयीतून ते लिनक्सवर चालवून दाखवणारे भेटतील, पण मार्चअखेरीला अडले तर कंपनी जबाबदारी घेणार नाही. दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्याने घेऊन ब्राउझरमधून वापरण्याची सोय आहे, तिथे दरमहा पैसे आणि अखंड इंटरनेट दोन्ही लागतात. ज्यांचा सीए टॅलीचाच डेटा मागतो, त्यांनी एका यंत्रावर मूळ परवान्याचे विंडोज आणि मूळ परवान्याचे टॅली ठेवावे. पैसे लागतात, हो. हमालीही आपण देतोच.

ज्यांच्यावर तशी सक्ती नाही, त्यांच्यासाठी आपल्याच महाराष्ट्रात काम झालेले आहे. 'ग्नूखाता' हे मुक्त हिशेब सॉफ्टवेअर मुंबईत कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने तयार झाले. माने स्वतः दृष्टिहीन आहेत, आणि छोट्या व्यापाऱ्याला हिशेबासाठी परवान्याचे पैसे पडू नयेत हा त्यामागचा विचार. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून फुकट आहेत. कीर्द-खतावणी समजणारी पण कॉम्प्युटर क्लासला न गेलेली गृहिणीही ते घरी बघून शिकू शकते. मोठा पसारा, दोन-तीन गोदामे असतील तर मुंबईच्याच फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट आहे, तेही मुक्त, पण ते बसवायला जाणकार लागतो. कोणतेही घेण्याआधी त्याची शेवटची आवृत्ती कधीची आहे ते बघा आणि महिनाभर जुन्या वहीबरोबर चालवा. दोन्हीकडची शिल्लक जुळली तरच जुनी मिटवा.

मग गाळ्यावर कोणते टाकायचे? माझे मत लिनक्स मिंट. त्याचे रूप विंडोजसारखे, खाली डावीकडे मेनू. दोन जीबी रॅममध्ये सुरू होते, चार जीबीत बरे चालते. मिंट 22 ला एप्रिल 2029 पर्यंत अपडेट आहेत. उबंटूही चांगले, मिंट त्याच्याच पायावर उभे आहे, पण त्याची मांडणी वेगळी आणि जुन्या यंत्राला ते जड जाते. डेबियन मला सर्वांत भरवशाचे वाटते. घाई नाही, दोन वर्षांनी नवी आवृत्ती, बदल कमी. फक्त पहिल्यांदा बसवताना हात सरावलेला हवा. फेडोराकडे जाऊ नका, त्याची एक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते. दुकानाला दरवर्षी घर बदलायला सांगण्यासारखे आहे ते. सी-डॅकचे 'बॉस' हे आपल्या देशाचे लिनक्स सरकारी कचेऱ्यांत दिसते, तेही डेबियनवरच बेतलेले आहे.

फ्रीबीएसडीबद्दल एका तरुण वाचकाने मागे पत्र लिहिले होते, की तेच खरे युनिक्स, तेच घ्यावे. बाळा, तुझे म्हणणे खोटे नाही. त्यातली झेडएफएस ही साठवणीची पद्धत डिस्कवर कुजत चाललेली फाइल ओळखते, आणि दोन डिस्क असतील तर चांगल्या प्रतीवरून दुरुस्तही करते. हिशेबाच्या प्रती ठेवायला याहून चांगली जागा थोडी. पण वायफाय आणि प्रिंटरला त्यात फार झगडावे लागते. कोपऱ्यातल्या प्रती-यंत्रावर जरूर टाक. गल्ल्यावर टाकून तू पुण्याला शिकायला गेलास तर अब्बा कोणाला विचारतील? मॅकचे एका ओळीत सांगतो: उत्तम आहे, महाग आहे, आणि टॅली त्यावरही थेट चालत नाही.

काहीही पुसण्याआधी पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करून बघता येते. डिस्कला हात लागत नाही. आम्ही तसेच केले. इशानंतर गाळ्यात बसून एकेक वस्तू जोडली. वायफाय लगेच मिळाले. पट्टी छापायचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दहा मिनिटांत बोलू लागला, हे जुने प्रिंटर लिनक्सला सोपे जातात. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना कंपनीचेच लिनक्स सॉफ्टवेअर आहे. पण टेबलाखाली एक जुना लेझर प्रिंटर होता, त्याने रात्री बारापर्यंत आम्हाला दमवले आणि कोरे कागद काढले. वजनकाटा सिरियल केबलने येतो. आकडा लिनक्सला वाचता येतो, वापरणाऱ्याचे नाव 'डायलआउट' या गटात घातले की झाले, पण चिठ्ठी छापणारे सॉफ्टवेअर काटेवाल्याने विंडोजचेच दिलेले. तेव्हा काट्याची चिठ्ठी सध्या हाताने.

या सगळ्यावर दोन रात्री बापलेकीत चर्चा झाली. हाजीसाहेबांचे म्हणणे, पैसे खर्च करायचेच तर नवा कॉम्प्युटर घेऊ आणि त्यावर पुन्हा तेच पेन ड्राइव्हवाले टाकू. लेक म्हणाली, "अब्बा, मापात मारलेले तुम्ही कधी चालवून घेतले नाही. तोलणाऱ्याला एकदा यासाठीच काढले होते ना?" हाजीसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चहा मागवला.

ठरले ते असे. घरी लेकीच्या टेबलावर मूळ विंडोजसह एक नवा साधा कॉम्प्युटर आणि टॅलीचा एका वापरकर्त्याचा मूळ परवाना. गाळ्यातल्या जुन्या यंत्रावर मिंट. तिथे आवक, पट्टी, ई-वे बिल, बँक. नवी वही 1 एप्रिलपासून, जुन्या वहीतून फक्त शिल्लक पुढे ओढायची. जुने खाते पुसायचे नाही. जीएसटीच्या नियमाप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात, म्हणून प्रत्येक शेतकऱ्याचे आणि व्यापाऱ्याचे खाते पीडीएफ करून ठेवले. एक्सेलमध्येही काढले.

प्रतींबाबत एक इशारा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, लोक ती चालू करून निर्धास्त होतात. ती प्रणालीची प्रत ठेवते, तुमच्या होम फोल्डरची आपणहून ठेवत नाही. हिशेब, पट्ट्या, पत्रे हे सगळे होम फोल्डरमध्ये असते! त्यासाठी वेगळी प्रत हवी. आम्ही दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. एक दर जुम्याला दुकान बंद असते तेवढ्या वेळात जोडायची आणि प्रत झाली की काढून कपाटात. दुसरी महिन्यातून एकदा, आणि ती हाजीसाहेबांच्या बहिणीच्या घरी. जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसच्या तावडीत सापडते, काढलेली सापडत नाही. आणि लिनक्स आहे म्हणून व्हायरस येणारच नाही असे समजू नका. बँकेच्या नावाने आलेली खोटी लिंक कोणत्याही प्रणालीवर सारखीच उघडते.

जकातीचे तेवढे राहिले. टॅलीचे वर्ष एप्रिल ते मार्च, जकातीचे वर्ष चांद्र, सुमारे अकरा दिवसांनी लहान. मार्चअखेरचा आकडा घेऊन जकात काढणाऱ्यांचा हिशेब दरवर्षी थोडा मागे पडतो. आपली हिजरी तारीख ठरलेली असेल त्या दिवशी मालाची शिल्लक, रोकड, येणे आणि देणे यांचा अहवाल काढून छापून ठेवावा. टॅली असो की लिब्रेऑफिसचा तक्ता, दोन्हीत तो निघतो. हाजीसाहेबांची तारीख 15 रमजान. यंदा तो अहवाल लेकीने नव्या कॉम्प्युटरवर काढला आणि कागद अब्बांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, एका खात्यात चूक काढली, आणि ती खरेच चूक होती.

तो जुना लेझर प्रिंटर अजून सुरू झालेला नाही. कोणा वाचकाने असा प्रिंटर लिनक्सवर चालवला असेल तर जरूर कळवा. आणि मला पत्र लिहिताना "आमचा प्रिंटर" एवढेच लिहू नका, मागच्या बाजूला मॉडेल नंबर असतो, तो लिहा.